चंबळच्या टापूंवर उन्हाळ्यात कॅमेरा नको

मे महिना लागला की ग्वाल्हेर, आग्रा, धौलपूरकडच्या पक्षीप्रेमींच्या ग्रुपांवर पाणचिऱ्याच्या पिल्लांचे फोटो फिरायला लागतात. वाळूच्याच रंगाचं गुबगुबीत पिल्लू, त्याच्यावर वाकलेला केशरी चोचीचा मोठा पक्षी, मागे चंबळचं निळं पाणी. फोटो देखणे असतात यात वाद नाही. त्यांच्याखाली वाहवा होते, थोड्याच वेळात ‘कुठे मिळाला?’ अशी विचारणा सुरू होते, आणि पुढच्या रविवारी राजघाटावर, म्हणजे चंबळच्या ज्या घाटावरून नावा सुटतात तिथे, आणखी गाड्या लागतात.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगते. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत चंबळच्या वाळूच्या बेटांजवळ फोटोसाठी नाव नेणं बंद व्हायला हवं. घरट्यांचे, अंड्यांचे आणि उडता न येणाऱ्या पिल्लांचे फोटो काढू नयेत, ग्रुपवर टाकू नयेत, प्रदर्शनात लावू नयेत, त्यांना बक्षीस देऊ नये. वनखात्याने हा नियम करायला हवा, पण खात्याची वाट पाहत बसण्याचं काही कारण नाही. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचा या बाबतीत थोडा जास्त संबंध येतो. तो कसा, ते पुढे सांगते.

आधी पक्ष्याविषयी. पाणचिरा म्हणजे काळी पाठ, पांढरं पोट आणि भडक केशरी चोच. चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. चोच उघडी ठेवून तो पाण्याला लागूनच उडतो, खालची चोच पाणी कापत जाते आणि मासा लागला की वरची मिटते. एके काळी म्यानमार, लाओस, कंबोडियापर्यंत हा पक्षी मोठ्या नद्यांवर होता. आता तो मुख्यतः भारतात आणि बांगलादेशात उरला आहे. २०२० साली आययूसीएनने, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्याला संकटग्रस्त ठरवलं. जगभरातल्या प्रौढ पक्ष्यांचा त्यांचा अंदाज २,४५० ते २,९०० इतकाच आहे. त्यांच्या विणीच्या मोजक्या मोठ्या जागांमध्ये आपली चंबळ येते. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या रस्त्याने मुरैना ओलांडलं की तास-सव्वा तासात आपण तिथे पोचतो. इतकं दुर्मीळ काही इतक्या जवळ असण्याची जबाबदारी आपल्यावर येते, ती आपण नीट ओळखलेली नाही असं मला वाटतं.

हिवाळा सरला की चंबळचं पाणी ओसरतं आणि पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात. इथे सगळे त्यांना टापू म्हणतात. मार्च ते जून या दिवसांत त्या टापूंवर जितकी वस्ती असते तितकी एरवी कधीच नसते. पाणचिरे असतात, नदी सुरय असतात, काळ्या पोटाचा सुरय असतो आणि तोही संकटग्रस्त आहे. नदी टिटवी असते, मोठा करवानक असतो. त्याच वाळूत घडियालीची आणि कासवांची अंडी पुरलेली असतात. कारण साधं आहे. पाण्याने वेढलेल्या वाळूवर कोल्हा, कुत्रा, गुरं, माणूस सहजी पोचत नाही. पक्ष्यांना वाळू आवडते म्हणून ते तिथे जात नाहीत, आपल्यापासून लांब राहायला जातात. आपण नाव घेऊन तिथे गेलो की त्या जागेचा अर्थच संपतो.

घरटं म्हणजे वाळूत पोटाने घासून केलेली बशीएवढी खळगी. काडी नाही, पान नाही. तीनचार फिकट अंडी, त्यांवर तपकिरी डाग. दोन पावलांवरून दिसत नाहीत. भर दुपारी पलीकडच्या काठाच्या उंच कगारीवरून स्पॉटिंग स्कोप लावून पाहिलं तर तासभर एकच गोष्ट चाललेली दिसते. एक पक्षी अंड्यांवर उभा असतो, चोच उघडी, घशाखालचा भाग धापेने हलतोय. मग तो उठतो, पाण्यावर जातो, पोट पाण्याला टेकवतो, पोटाची पिसं भिजवून परत येतो आणि ओलं पोट अंड्यांवर ठेवून बसतो. पुन्हा थोड्या वेळाने तेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वाळू त्याहून तापते. त्या तासांत तो पक्षी अंड्यांना ऊब देत नसतो, ती शिजू नयेत म्हणून झटत असतो.

आता नाव टापूकडे वळली असं धरा. आधी एक पक्षी उठतो, मग सगळी वसाहत उठते आणि ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. फोटोग्राफरला उडत्या थव्याचे फोटो मिळतात, तो खूश. खाली अंडी उघडी पडलेली असतात. पिल्लं असली तर ती वाळूला चिकटून दबून बसतात. ‘बघा, अजिबात घाबरलं नाही, किती जवळ जाऊ दिलं,’ असं म्हणत पिल्लाचे फोटो दाखवणारे पुष्कळ भेटतात. ते पिल्लू हललं नाही कारण ते भ्यालेलं होतं. न हलणं एवढा एकच बचाव त्याच्याकडे आहे. वरून कावळे आणि घारी हे सगळं पाहत असतात आणि पालक उठले की संधी साधतात.

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘आम्ही पाचच मिनिटं थांबलो.’ ते खरंही असेल. पण सकाळपासून जितक्या नावा आल्या त्या सगळ्यांनी पाचच मिनिटं थांबलं तर त्या पक्ष्याच्या वाट्याला काय आलं, हा हिशेब कोणीच करत नाही, कारण प्रत्येकाला फक्त आपली नाव दिसते. शिवाय मनासारखा फोटो मिळेपर्यंत पाच मिनिटं संपत नाहीत हे कॅमेरा हातात धरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रकाश चांगला असतो, पक्ष्याने मान वळवलेली नसते, शेजारच्याला अजून एक फ्रेम हवी असते. काही जण टापूवर उतरतात, वाळूवर पालथे पडून पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घेतात. जिथे ते पालथे पडले तिथे वाळूत आणखी कोणाची अंडी होती का, हे त्यांना उठल्यावरही कळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २(१६) प्रमाणे रानपक्ष्याच्या अंड्यांना इजा करणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. बंदुकीची गोळी आणि घरट्यावरून उठवलेला पक्षी कायद्याने एकाच व्याख्येत घातले आहेत. त्यात चंबळ हे अभयारण्य आहे आणि कलम २८ नुसार अभयारण्यात फोटोग्राफीसाठी शिरायला परवानगी लागते. परवानगी देण्याचा अधिकार असला की विणीच्या दिवसांत ती न देण्याचा अधिकारही त्यातच आला. म्हणजे नवा कायदा नको, आहे तोच वापरायचा आहे. पण राजघाटावर नावेत चढणाऱ्या किती जणांनी हे कलम ऐकलेलं असतं? त्यांना कोणी सांगतही नाही.

आता ग्वाल्हेरच्या मराठी घरांविषयी. शिंद्यांच्या काळापासून शहराच्या लष्कर भागात राहिलेल्या आपल्या कुटुंबांचे पुण्या-मुंबईशी, नागपूरशी नातेसंबंध आहेत. पूर्वी पाहुणे आले की किल्ला, जयविलास, तानसेनाची समाधी दाखवायची पद्धत होती. आता पाहुण्यांच्या सामानात मोठी लेन्स असते आणि फोन आधीच आलेला असतो: ‘मावशी, तुमच्याकडे ते पाणचिरे आहेत ना, पिल्लं कधी निघतात? एखादी नाव ठरवून द्याल का?’ आपण पाहुणचाराच्या हौसेने नाव ठरवून देतो, पहाटे डबा करून देतो, कधी बरोबरही जातो. नावाड्याला ओळखणारे आपण, टापू माहीत असणारे आपण. बाहेरून येणाऱ्या माणसाला एकट्याने हे जमणार नाही. म्हणून म्हटलं, आपला संबंध थोडा जास्त आहे. ही सोय आपण थांबवली तर गर्दीचा मोठा भाग आपोआप थांबेल.

सगळ्यात जोरदार आक्षेप वाळूचा आहे, आणि तो मला मनापासून पटतो. रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावून नदीतली वाळू उपसली जाते, टापूच्या टापू नाहीसे होतात. अभयारण्यात उपशाला बंदी आहे तरी हे होतं. मुरैना जिल्ह्यात २०१२ साली अवैध उत्खनन रोखायला गेलेले आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार ट्रॅक्टरखाली जिवाला मुकले, इतका हा मामला भयंकर आहे. दुसरीकडे कोट्याला धरणाचं पाणी कालव्यांकडे वळतं, उन्हाळ्यात नदी इतकी उथळ होते की टापू काठाला जोडले जातात आणि कुत्री चालत जाऊन अंडी फस्त करतात. तेच पाणी कधी अचानक सोडलं तर सगळी वीण एका रात्रीत वाहून जाते. ‘एवढं सगळं सोडून तुम्ही कॅमेरावाल्यांच्या मागे का लागता?’ असं मला विचारलं जातं.

कारण हे सगळं असूनही जी घरटी वाचतात, ती मोजकी असतात. वाळूवाल्यांच्या, कुत्र्यांच्या आणि पुराच्या तावडीतून सुटलेली ती घरटी, आणि नेमकी तीच शोधत आपण जातो. पिल्लं असलेला टापू म्हणजे त्या वर्षी नदीवर यशस्वी झालेली वीण, आणि फोटोग्राफरला तोच टापू हवा असतो. नुकसान कमी असेल, पण ते सगळ्यात महत्त्वाच्या जागी होतं. दुसरं असं, की वाळूचा उपसा थांबवायला पोलीस, न्यायालय, राजकीय इच्छा हे सगळं लागतं. धरणाच्या पाण्याचं वेळापत्रक बदलायला दोन राज्यांचं एकमत लागतं. नाव न ठरवायला काहीच लागत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. चंबळच्या वाळूबद्दल आवाज उठवू शकेल असा शिकलेला, संपर्क असलेला, वर्तमानपत्रांत लिहू शकणारा वर्ग कोणता असेल तर तो आपलाच, पक्षी पाहणाऱ्यांचा. काठावरच्या गावातल्या माणसाने आपल्याला टापूवर उतरताना पाहिलं असेल, तर उद्या आपण त्याला ‘इथून वाळू नेऊ नका, पक्षी वीण करतात’ असं कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसरा आक्षेप जनजागृतीचा. फोटो पाहूनच लोकांना पक्ष्याबद्दल ममता वाटते, फोटो नसते तर पाणचिरा कोणाला ठाऊक असता, असं म्हणतात. फोटोंनी पक्षी लोकांपर्यंत नेला, हे मलाही मान्य आहे. पण त्यासाठी घरट्याचाच फोटो का हवा? चोचीने पाणी कापत येणारा पाणचिरा हे या पक्ष्याचं खरं रूप आहे. तसा उडणारा पक्षी आपल्या नद्यांवर दुसरा नाही. तो फोटो हिवाळ्यात सकाळच्या उन्हात मिळतो, त्यात कोणाच्या अंड्यांचा जीव जात नाही, आणि तो काढायला कसबही जास्त लागतं. पिल्लू तर बसलेलंच असतं.

खरोखर उपयोगाचे फोटो कोणते, तेही पाहू. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी चंबळवर पाणचिऱ्यांच्या पायांत वलयं घातली. त्यांतले काही पक्षी नंतर गुजरातच्या किनाऱ्यावर, जामनगरच्या बाजूला ओळखले गेले. विणीनंतर हे पक्षी कुठे जातात याचा धागा त्यातून हाती आला. उभ्या पक्ष्याच्या पायातल्या वलयावरची अक्षरं लांबून वाचायची तर चांगल्या लेन्सशिवाय गत्यंतर नसतं. इथे फोटोग्राफरची लेन्स खरंच कामाची आहे. पाय स्पष्ट दिसणारा, तारीख आणि जागा नोंदवलेला साधा फोटो अभ्यासकाला दहा देखण्या पिल्लांपेक्षा हवा असतो. असे फोटो काढणाऱ्यांचं कौतुक आपल्या ग्रुपांवर मी क्वचितच पाहिलं आहे, कारण ते ‘लाइक’ खेचत नाहीत.

घरट्यांच्या फोटोग्राफीला जुनी परंपरा आहे, असंही सांगितलं जातं. आहेच. कॅमेरे अवजड होते, फिल्म मंद होती, लेन्स लांबचं ओढत नव्हत्या, तेव्हा जिथे पक्षी हमखास परत येतो अशी एकच जागा होती, घरटं. सालिम अलींचे स्नेही, सिंगापूरचे लोक वान थो आडोसे आणि मचाणं उभारून असेच फोटो काढत. त्या काळाला दोष देण्यात अर्थ नाही. पण आज सेकंदाला वीस फ्रेम घेणारा, उडत्या पक्ष्याच्या डोळ्यावर आपोआप फोकस धरणारा कॅमेरा आपल्या हातात आहे. ज्या अडचणीपोटी घरट्याजवळ जावं लागत होतं ती अडचण संपली. आपल्याकडच्या काही चांगल्या स्पर्धांनी घरट्याचे फोटो स्वीकारणं केव्हाच बंद केलं आहे. आपल्या गावातल्या प्रदर्शनांनी, दिवाळी अंकांनी आणि सोसायटीच्या कॅलेंडरांनी ते का करू नये?

ड्रोनविषयी जास्त लिहीत नाही. अभयारण्यावर तो विनापरवानगी उडवणं बेकायदेशीर आहे आणि वसाहतीला तो वरून येणारा शिकारी पक्षीच वाटतो. ज्याला हे सांगावं लागतं त्याने चंबळवर येऊच नये.

नावाड्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपलं जात काही नाही आणि त्यांचं जातं. ‘साहब, और पास ले चलूँ?’ असं नावाडी विचारतो ते त्याला पक्ष्याचं वाईट करायचं असतं म्हणून नव्हे. जवळ नेलं की बक्षिसी जास्त मिळते हे आपणच त्याला शिकवलं. उन्हाळ्यात नाव बंद म्हटलं तर त्याची भरपाई हवी. इथे एक वाट आधीच तयार आहे. चंबळकाठच्या गावांतली माणसं विणीच्या काळात घरट्यांची राखण करतात, कुत्री आणि गुरं टापूवर जाऊ देत नाहीत, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामाचाच तो भाग आहे. पुण्याहून येणारा फोटोग्राफर प्रवास, हॉटेल, नाव यांवर जो खर्च करतो त्याचा थोडा वाटा जरी अशा राखणदाराला मिळाला तरी त्या नावाड्याच्या घरात मे महिन्यात चूल पेटेल आणि टापूवर कोणी उतरणार नाही. ग्वाल्हेरची मराठी मंडळं नाटकांना, गणेशोत्सवाला, संगीताच्या मैफलींना वर्गणी गोळा करतात. एका टापूच्या राखणीचा हंगामाचा खर्च त्यांना झेपणार नाही असं मला वाटत नाही.

सरकारी बंदी एकट्याने पुरेशी नाही असं मी म्हणते, त्यामागे आपल्याच विभागातला अनुभव आहे. शिवपुरी जिल्ह्यातलं करैरा अभयारण्य १९८१ साली माळढोकासाठी केलं गेलं. गावांवर निर्बंध आले, जमिनीची खरेदी-विक्री अडली, लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल चीड बसली. नव्वदीच्या दशकात माळढोक तिथून गेला तो परत आलाच नाही, आणि निर्बंध मात्र पुढे कित्येक वर्षं राहिले. अखेर अलीकडे ते अभयारण्यच रद्द झालं. काठावरच्या गावाला पक्षी ओझं वाटू लागला की कागदावरचा नियम त्याला वाचवत नाही. म्हणून चंबळवर त्रास सोसण्याची पहिली पाळी आपली असावी. गावकऱ्याला ‘तुझी गुरं टापूवर सोडू नकोस’ म्हणण्याआधी शहरातल्या माणसाने आपला कॅमेरा टापूपासून लांब ठेवावा. त्यात आपली रोजीरोटी बुडत नाही, फक्त हौस थोडी आवरावी लागते.

किती लांब, असं विचाराल तर मीटरमध्ये आकडा सांगण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. टापू मोठे-लहान असतात, पाणी वर-खाली होतं. अंड्यावरचा पक्षी मान ताणून तुमच्याकडे पाहू लागला की तुम्ही पुरेसे जवळ आला आहात. तो उठला तर तुम्ही फार जवळ गेला आहात आणि नाव तिथून ताबडतोब काढली पाहिजे, फोटो मिळो न मिळो. काठावरच्या कगारीवरून पाहिलं तर त्याला तुमची दखलही घ्यावी लागत नाही. तिथून दिसतं ते पुष्कळ असतं.

खात्याकडे मागायचं ते थोडं आणि नेमकं मागावं: पंधरा मार्च ते पंधरा जून टापूंलगत पर्यटकांच्या नावा थांबू नयेत, आणि राजघाटावर ते हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. आपल्या ग्रुपांच्या चालकांनी घरट्याचा फोटो आला की तो काढून टाकावा आणि का काढला ते दोन ओळींत लिहावं. परीक्षकांनी नियमावलीत एक वाक्य वाढवावं. आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुण्याहून फोन आला तर आपण सांगावं, की डिसेंबरात या, पाणचिरे तेव्हाही असतात, सकाळच्या उन्हात पाणी कापताना दिसतील, नाव मीच ठरवून देईन, पण मे महिन्यात माझ्याकडून नाव ठरवून मिळणार नाही.